डोणगावचं पाणी

वडनेर, ता. ६ जानेवारी १९३६, सोमवार

आजपासून बायकोच्या झोपेची नोंद ठेवायची. स्वतःचंच हसू येतं, पण काय करता? मी सव्वीस वर्षं रेव्हेन्यू इन्स्पेक्टरी केली, शेकडो पटवाऱ्यांचे कागद तपासले. जे लिहून ठेवलं नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. घरात मात्र सगळा कारभार तोंडी. सून म्हणते, "आत्याबाईले झोप नाई." मुलगा म्हणतो, "मायचं मन लागत नाई." कधीपासून, किती वाजता जागी होती, किती वेळ डोळा लागला? एकालाही सांगता येत नाही. शी! दुभत्या म्हशीकडंसुद्धा याहून नीट लक्ष देतात.

सुभद्रा एकसष्ट वर्षांची, मी सदुसष्टचा. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. दिवाळीपासून ती झोपत नाही. दिवसभर खांबाला टेकून बसते, तोंड कडू काढा प्यायल्यासारखं. नातीनं चार गोष्टी सांगितल्या तर एक "हं". अर्धी भाकर ताटात तशीच. ही बाई हसली की पूर्वी चार घरं पलीकडं कळायचं.

तपासणीची पद्धत माझी जुनीच. ती आत माजघरात सुनेजवळ, नातीजवळ निजते, मी ओसरीवर. नातवंडं झाली की म्हाताऱ्यानं बाहेर निजावं, अशी आमच्याकडं रीत. मधल्या भिंतीत झरोका आहे. रात्री वेगवेगळ्या वेळी मी त्या झरोक्यातून विचारतो, "अवं, झोपली काय?" आगाऊ काही कळवायचं नाही. आधी कळवून गेलं की पटवारी रातोरात सगळे रकाने भरून ठेवतो, हा माझा अनुभव.

काल तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "नाई."

ता. ९ जानेवारी

महादेवराव वैद्य आले होते. वैद्य कसले, तपकिरीचा डबा. नाकाखाली दोन तपकिरी ओघळ, त्याच बोटांनी नाडी पाहिली, त्याच बोटांनी जायफळ उगाळून सुभद्रेच्या कपाळावर फासलं. मला मळमळलं. ती बिचारी डोळे मिटून बसली. टाळूवर लोण्याचा गोळा ठेवायला सांगून गेले. ठेवला. रात्री ते वितळून कानामागून मानेवर, मानेवरून उशीवर. सकाळी माजघरात आंबूस वास आणि उशी चाटणारं मांजर. याला वैद्यकी म्हणायचं!

जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणतात, "रंगरावजी, मुंगाएवढी अफू देऊन पाहा. गाढ झोपतीन."

मी म्हटलं, "महादेवराव, तान्ह्या लेकरांना अफू चाटवून बाया निंदणाला जातात, ते पाहून मला ओकारी येते. आता म्हाताऱ्यांनाही चाटवा. उठा, जोडे घाला."

गेले. ओट्याच्या कोपऱ्यात मात्र थुंकून गेले.

रात्रीची तपासणी चार वेळा. चारही वेळा जागी.

ता. १५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगुळापेक्षा चाऱ्यात गोडवा असेल, इतकी तोंडं उतरलेली घरात.

आज कोकिळेनं, म्हणजे आमच्या सुनेनं, एक उपाय केला. काशाच्या वाटीला तूप लावून सासूचे तळपाय घासले. घासता घासता तळपाय काळे कुळकुळीत झाले. कोकिळा म्हणे अंगातली गरमी उतरून राह्यली. गरमी कसली, कासं झिजतं. तो काळा चिखल फडक्यावर, फडकं पाण्याच्या रांजणाशेजारी. शी, शी!

पण पाव तासात सुभद्रा घोरायला लागली. मला झरोक्यातून ऐकू आलं. मनाला बरं वाटलं. खरंच झोपली की नुसतं घोरते, याची खात्री करायला हवी म्हणून मी लगेच हाक मारली.

"नाई," म्हणाली.

वाटी कुचकामी. तसं लिहून ठेवतो.

ता. १७ जानेवारी

खसखशीची खीर. पोट बिघडलं. पुढचं लिहवत नाही.

ता. २२ जानेवारी

सकाळी शेजारचे अर्जुनराव येऊन बसले. यांची बायको दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री, झोपेतच गेली. गड्याचं तेव्हापासून एकच पुराण. "मी ओसरीवर, थे अंदर. मी म्हटलं झोपली असंल, झोपू द्या. उन्हं आंगनात आली तरी मी बसूनच. रातभर मी इकडं न् थे तिकडं, अन् मले पत्ता नाई रंगरावजी."

शी! सकाळी सकाळी असं बोलतात का माणसासमोर? चहा अर्धा तसाच राहिला माझा. मी विषय बदलला, हरभऱ्यावरच्या अळीचं विचारलं. ते पुन्हा तिथंच. शेवटी मी देवपूजा राहिली म्हणून उठलो. पूजा झालेली होती.

संध्याकाळी कोकिळा भीत भीत म्हणाली, "मामाजी, एक बोलू? रातच्याले आत्याबाईले हाका नोका मारत जाऊ."

मी विचारलं, "का?"

"त्याईले झोप..." म्हणाली आणि पदर चावत उभी राहिली.

"झोप येते की नाही हेच तर पाहतो आहे मी! पाहिल्याशिवाय कळेल कसं?"

गेली आत. हिचं कारण मला समजलं. हाकेनं हिची स्वतःची झोप मोडते. आजकालच्या मुलींना सासूपेक्षा स्वतःची झोप प्यारी.

रात्री सहा वेळा तपासणी. का कोण जाणे, चैन पडेना. सहाही वेळा जागी. शेवटच्या वेळी "नाई" म्हणताना आवाज रडका वाटला.

ता. २८ जानेवारी

डोणगावहून सुभद्रेच्या थोरल्या बहिणीचा, गोजरबाईंचा, निरोप आला. "सुभीले महिनाभर धाडून द्या." गोजरबाई विधवा, एकट्या राहतात, तोंडाच्या फटकळ. मला त्या आवडत नाहीत आणि त्यांना मी.

मला वाटलं होतं सुभद्रा नाही म्हणेल. घटकाभरात बोचकं बांधून तयार. आज हिंमत तिला पोचवायला गेला. माझा मुलगा शेतीत हुशार आहे, पण प्रवासात झोपतो. मोटरीत तिला खिडकीशी बसव, घाट लागला की लिंबू हुंगायला दे, हे मी त्याला तीनदा सांगितलं. ती मोटरीपर्यंत जायला बैलांच्या दमणीत बसली आणि मागं वळून पाहिलं नाही. चाकाची धूळ तेवढी तोंडात आली.

ता. ५ फेब्रुवारी

घरात काही म्हणजे काही ठिकाणावर नाही. वरणात मीठ जास्त. धोतराला निळीचे डाग. माझ्या बाजेत ढेकूण झाले आहेत. चिरडला की तो वास बोटाला राहतो, सकाळपर्यंत. ढेकणांमुळं मलाच आता डोळ्याला डोळा नाही. हिंमतनं बाज उन्हात टाकून, उकळतं पाणी ओतून पाहिलं. म्हणतो, "आबा, एकबी निंघाला नाई." मग मला चावतं ते काय?

झरोक्यातून काल चुकून हाक मारली गेली. कोकिळा आतून म्हणाली, "मामाजी, आत्याबाई डोणगावले हाय." तेवढं कळतं मला.

ता. १५ फेब्रुवारी

गोजरबाईंचं पत्र. मजकूर जसाच्या तसा उतरवतो: "सुभद्रा दिवाबत्ती झाल्यावर झोपते ते कोंबडा आरवेपर्यंत. दोन भाकरी खाते. काल शेजारणीची नक्कल करून दाखवली तर आम्ही पोट धरून हसलो. काळजी नसावी."

दोनदा वाचलं. आनंद झाला, आणि खरं लिहायचं तर थोडी चीडही आली. आम्ही इथं जायफळं उगाळून मेलो आणि तिथं काही न करता बाई नकला करते!

दिवसभर विचार केला. इथं नाही आणि तिथं आहे, असं काय असेल? दूध इथलं चांगलं. घर इथलं मोठं. माणसं इथं जास्त, सेवा जास्त. आणि चारच्या सुमारास तांब्या तोंडाला लावला तर लख्ख उजेड पडला. पाणी! आमचं घाटाखालचं पाणी खारट, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. डोणगाव घाटावर, तिथली विहीर गोड. सत्तेचाळीस वर्षं खारं पाणी पिऊन बाईच्या शिरा आवळल्या, दुसरं काय! एवढी साधी गोष्ट त्या तपकिरीच्या डब्याला सुचली नाही.

आता मी स्वतः जाणार. दोन मोठ्या तांब्याच्या कळशा नेतो. पाणी आणि बायको दोन्ही घेऊन येतो. तिच्यापुरतं रोजचं पिण्याचं पाणी दर पंधरवड्याला डोणगावहून आणवायचं. हिंमत कपाळाला हात लावून बसला. "आबा, लोकं हासतीन."

हसू देत. लोकांचे दात तसेही किडलेले आहेत.

डोणगाव, ता. १९ फेब्रुवारी

पोचलो. प्रवासाचं वर्णन केलं तर वही बाटेल. खामगावहून मेहकरची सर्व्हिस मोटर, चौदा माणसांच्या जागेत सत्तावीस. माझ्या मांडीवर एकाची कोंबडी. घाट चढताना पुढच्या बाकावरच्या गृहस्थानं बाहेर तोंड काढून ओकलं आणि वारा आमच्याकडंच होता. माझं उपरणं मी मेहकरला नाल्यात फेकून दिलं.

गोजरबाईंच्या गल्लीत वळलो आणि हसणं ऐकलं. ओळखीचं. चार घरं अलीकडून ऐकू येणारं. माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले. दोघी बहिणी ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. गालफडं भरली आहेत हिची. डोळ्यांखालचं काळं गेलं आहे. केसांना तेल आहे.

मला पाहिलं आणि हसणं थांबलं. पदर सावरला. "आले काय? पाणी देतो," म्हणाली आणि उठली.

पुरुषमाणूस आल्यावर बाया गप्प बसतातच.

पाणी खरोखर गोड आहे.

ता. २० फेब्रुवारी

चमत्कारिक. मी पडवीत निजलो, त्या दोघी आत. इथं झरोका नाही, दार बंद, त्यामुळं जोरात विचारावं लागलं. पाच वेळा विचारलं. पाचही वेळा जागी! शेजारचं कुत्रं मात्र माझ्या प्रत्येक हाकेला ओ देत होतं.

गोजरबाईंनी पत्रात थापा मारल्या, की काल पाण्याला काही झालं?

ता. २१ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आज विहिरीची मौका पाहणी केली. पायऱ्या शेवाळलेल्या. कडेला कोणी तरी दात घासून चूळ टाकलेली, पांढरा फेस तसाच. पाण्यावर पिवळी पानं, एक फुगलेला बेडूक, पाय वर. मी पोहऱ्यानं काढून फेकला तर हाताला बुळबुळ लागली ती राखेनं घासूनही जाईना. आळीतल्या बायांना विचारलं, इथं जनावरं धुतली का? कोणी चपला घालून उतरलं का? त्या एकमेकींकडं पाहून फिदीफिदी हसत होत्या. एकीनं विचारलं, "पाहुणे जिल्ह्यावून आले काय?"

सुभद्रा आज पुन्हा खांबाला टेकून बसली होती. भाकर अर्धी उरली. इतक्या दिवसांचं सगळं दोन रात्रींत धुऊन गेलं. मला फार वाईट वाटलं. त्या बेडकाला शिव्या घातल्या.

ता. २२ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मी पुन्हा विहिरीत वाकून पाहत होतो. मागून गोजरबाई गरजल्या, "जवाईबुवा, इहिरीत कायले डोकावता? तुमी आल्यापासून माह्या बहिनीचा डोळा नाई लागला. अन् मले तं त्या कुत्र्यानंबी झोपू देल्लं नाई."

मी म्हटलं, "गोजरबाई, तपासणी केल्याशिवाय..."

"आग लागो त्या तपासनीले!"

मी सुभद्रेकडं पाहिलं. ती चिंच फोडत होती. तिनं हातातला दगड खाली ठेवला. माझ्याकडं सरळ पाहिलं. असं तिनं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"मी झोपलेलीच राह्यतो," म्हणाली. "तुमी उठवता. 'झोपली काय' म्हून इचारता, मी दचकून उठतो, नाई म्हनतो. मंग छाती धडधडते, डोळ्याले डोळा लागत नाई. लागून राह्यला, लागून राह्यला, तं आनखी तुमची हाक. दिवाळीपासून असं चालू हाय."

मी म्हटलं, "मग गप्प पडून राहायचं. उत्तर कशाला द्यायचं?"

"सत्तेचाळीस वर्सं तुमी हाक मारली का मी ओ देल्ली. झोपंत बी तोंडून निंघते."

"मला सांगायचं होतं!"

"सूनबाईनं सांगतलं तं तुमी तिच्यावर खेकसले. मी कोन्या तोंडानं सांगू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोललो नाही नाही ते. लोणी, जायफळ, काशाची वाटी, ओकणारी मोटर, सगळं काढलं. म्हटलं, हे सगळं कोणासाठी केलं? मी काय हौस म्हणून रात्र रात्र बसतो? गोजरबाई पदराआडून हसत होत्या. त्यांचं ते हसणं पाहून माझा तोल गेला आणि तोंडातून भलतंच निघालं. "झोपली का ते पाहायला नाही मारत मी हाक! तू आहेस का, ते पाहायला मारतो! अर्जुनरावाची बायको गेली आणि तो बाहेर बसून राहिला उन्हं येईपर्यंत!"

मलाच आश्चर्य वाटलं. हे मी कुठंही लिहिलेलं नाही. मागची सगळी पानं पाहिली, नाही लिहिलेलं. पण खरं आहे. मी भ्यालो आहे. दिवाळीपासून भ्यालो आहे, आणि "नाई" असं आतून ऐकलं की मला घटकाभर बरं वाटतं. तेही लिहून ठेवतो.

गोजरबाईंचं हसणं थांबलं. सुभद्रेनं हातातल्या चिंचेची शीर ओढून काढली. मग म्हणाली, "मेली तं कोनी तरी सांगंलच ना तुमाले."

बस्स. एवढंच. सत्तेचाळीस वर्षांच्या संसाराचं हे उत्तर! मी थोबाडीत खाल्ल्यासारखा उभा.

जेवताना तिनं माझ्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच धरली आणि हळूच म्हणाली, "दोन महिने मले इथंच राहू द्या. पोटभर झोपू द्या. मंग येतो मी घरी."

मी हो म्हणालो. ज्या नवऱ्याच्या आवाजानं बायकोला धडकी भरते, त्यानं दुसरं काय म्हणायचं? स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. रात्री तोंडात धोतराच्या सोग्याचा बोळा धरून पडलो. हाक मारली नाही. आतून दोघींचं घोरणं ऐकत होतो. घोरणं थांबलं की माझा श्वास थांबायचा.

वडनेर, ता. २५ फेब्रुवारी

आलो परत. बरोबर डोणगावच्या पाण्याच्या दोन कळशा. गोजरबाईंनी मुद्दाम भरून दिल्या, वर म्हणाल्या, "आता आनल्याच हाय तं न्या." मोटरीत एक कळशी एका दलालाच्या गादीवर सांडली. तो जे बोलला ते इथं लिहीत नाही.

कोकिळेनं विचारलं, "मामाजी, आत्याबाई नाई आल्या?" मी म्हटलं, "तिला झोपायचं आहे." आणि मग म्हटलं, "तू त्या दिवशी सांगत होतीस ते बरोबर होतं." तिच्या हातातली पळी खाली पडली. सासऱ्याच्या तोंडून असं ऐकायची सवय नाही इथं कोणाला.

उरलेली कळशी मीच प्यायलो. नुसतं गोड पाणी आहे. मला काही झोप आली नाही.

ता. २९ फेब्रुवारी

अर्जुनराव आले होते. तेच पुराण. आज मी उठलो नाही. शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या मिशीत चहाची साय अडकली होती, ती पाहवत नव्हती, तरी ऐकलं.

गावात पोस्टमन बुधवारी आणि शनिवारी येतो. आज शनिवार. खाकी कोट गल्लीच्या तोंडाशी दिसला. कोणी तरी सांगंलच ना, असं ती म्हणाली होती. सांगणारा असाच येणार, कोट घालून, पिशवी हलवत, दात कोरत. तो आमच्या दारावरून पुढं गेला. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी त्याला बोलावून गूळ-पाणी दिलं. मेला ओट्यावर थुंकला.

ता. ४ मार्च, बुधवार

आज तो दारातच थांबला. हात पुढं केला. कार्ड होतं. मला घेववेना. "घ्या न रंगरावजी," म्हणून त्यानं माझ्या मांडीवर टाकलं. मी म्हटलं, कोकिळे, इकडं ये. मग म्हटलं, नको, जा. चष्मा सापडेना, तो डोळ्यांवरच होता.

सुभद्रेला लिहिता येत नाही. डोणगावच्या शाळेतल्या मास्तराकडून लिहवून घेतलेलं दिसतं. पत्रात नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, घरची विचारपूस नाही. इतकंच: "मी आहे. झोप लागते. बुधवारी न् शनिवारी असंच कार्ड धाडत जाईन. तुम्ही झोपत जा."

मास्तराचं अक्षर काय ते! चिरडलेल्या मुंग्या बऱ्या. कार्डावर तेलाचा डाग, कोपऱ्यात चिंचेचा चिकटा, त्यावर वाटेतली धूळ. याला मास्तर कोणी केला कोण जाणे. शी!

चार वेळा वाचलं.